बेकारांची कणगी

१

रविवारी सकाळी दत्तोबानं शेराचं माप बेकारांच्या कणगीत खुपसलं, ते तांदळात रुतायच्या ऐवजी मध्येच अडलं. त्यानं वरचा तांदूळ हातानं बाजूला सारला. खाली तरट होतं. तरट ओढून काढलं, तर त्याच्याखाली नुसतं तूस. भात भरडल्यावर गिरणीत उरतं आणि गुरंसुद्धा ज्याला तोंड लावत नाहीत, ते तूस कणगीच्या बुडापर्यंत ठासून भरलेलं होतं.

बाहेर ओट्यावर पिशव्या घेऊन बसलेल्या माणसांना आधी काही कळलं नाही. मग दत्तोबा कणगीला धरून मटकन खाली बसला आणि म्हणाला, "आरं, आपुन बुडालो."

लोणावळ्याच्या बाजारामागं एक पडकी बराक होती, तिच्या कोपऱ्यातल्या खोलीत ही कणगी. गेल्या साली घाटात विजेची इंजिनं आली आणि गाडीला मागून ढकलणारी वाफेची इंजिनं बंद पडली. त्यांच्याबरोबर कोळसा भरणारे, आग घालणारे, राख उपसणारे असे मावळातले कितीतरी गडी घरी बसले. विलायतेत काम सुटलेल्या माणसाला सरकार दर हप्त्याला पोटापुरतं देतं, ही बातमी कुणीतरी ओट्यावर सांगितली तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. एकटा दत्तोबा हसला नाही. तो म्हणाला होता, "सरकार देत न्हाई नव्हं? मग आपुन देऊ."

आणि खरंच त्यानं ते करून दाखवलं. ज्यांच्या घरी अजून काम होतं, त्या घरांतल्या बायका भात टाकण्याआधी एक मूठ तांदूळ बाजूच्या मडक्यात टाकायच्या. मुक्ताबाई नावाची विधवा शनिवारी दारोदार फिरून ती मडकी टोपलीत रिकामी करून आणायची. बेकार गड्यानं रोज सकाळी ओट्यावर हजेरी द्यायची, काल काम शोधायला कुठं गेलो होतो ते सांगायचं, कुठं काम असल्याचं कानावर आलं असेल तर तेही सांगायचं, आणि रविवारी घरातल्या तोंडांप्रमाणं तांदूळ न्यायचा. उरलेला तांदूळ पुढच्या अडचणीसाठी कणगीत साठत जायचा. भीक म्हणून कुणी द्यायचं नाही आणि लाजून कुणी घ्यायचं नाही, असं दत्तोबानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

त्या सकाळी हे सगळं बघत दाराशी उभे होते भिमाजी जमादार. पोलिसातून निवृत्त झालेला, मिशा राखून असलेला आणि तोंडाचा फटकळ माणूस. ते आणि दत्तोबा पवनेकाठच्या एकाच गावचे, एका म्हशीच्या पाठीवर बसून नदी ओलांडलेले. जमादारांच्या घरातूनही रोज मूठ निघायची, आणि खरं सांगायचं तर दत्तोबाच्या ह्या कणगीचा त्यांना स्वतःच्या बिल्ल्यापेक्षा जास्त अभिमान होता.

"कुलूप?" त्यांनी विचारलं.

"धड हाय," दत्तोबा म्हणाला, आणि त्यानं मान वर करून मेहबूबच्या कमरेकडं पाहिलं.

त्यानं नाव घेतलं नाही. पण सगळ्या ओट्यानं तिकडंच पाहिलं. दत्तोबा इंजिनाचा ड्रायव्हर असताना मेहबूब त्याच इंजिनावरचा आगवाला, आता त्याच्यासारखाच बेकार. खोलीची एकुलती एक चावी त्याच्या कमरेला असायची, आणि रात्री तो दारासमोर आडवा झोपायचा.

"झडती घ्या ह्याच्या घराची!" गेणू ओरडला. तो कोळसा वाहणारा, रागीट गडी.

दत्तोबा उठून जमादारांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला; त्याच्या सदऱ्याला कसलातरी कडवट वास होता. जमादारांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं. दत्तोबानं डोळे पुसत नुसती मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे विचारायला जमादार थांबले नाहीत. ते मेहबूबच्या घराकडं चालायला लागले.

२

मेहबूबच्या घरात शोधायला होतं तरी काय! एक खोली, एक चूल आणि फळीवर चार डबे. त्याची बायको नसीम चुलीपाशी उभी राहिली आणि जमादारांनी एकेक झाकण काढलं. पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. हंडीत मूठभर तांदूळ सापडला तेव्हा दारातला गेणू ओरडला, "हाच त्यो! मुठीचा तांदूळ!"

"मागच्या हप्त्याचा हाय," नसीम म्हणाली. "तुमच्याबी घरात असंल."

ते खरंच होतं. कणगीतला तांदूळ कुणालाही ओळखू यावा असा. एका घरची मूठ आंबेमोहराची, दुसऱ्या घरची कोळंबाची, तिसऱ्या घरची जाड्या तांबड्याची. सगळं एकत्र. शिजायला घातला की अर्धा गरगट व्हायचा आणि अर्धा कच्चा राहायचा. पण बेकाराच्या घरात त्यावरही कुणी बोट ठेवलं नव्हतं.

जमादार बाहेर आले. पिठानं पांढरा झालेला हात त्यांनी झटकला आणि मेहबूबला ओट्यावर बसवलं.

"खोलीत रात्री कोण आलं होतं?"

"कुनी न्हाई."

"मग तूच गेला असशील."

"मी उंबरा वलांडला न्हाई, जमादारभाऊ. आजपातुर एकदाबी न्हाई."

"चावी कमरेला आणि आत गेला नाहीस? मला काय दुधखुळा समजतोस?"

मेहबूब हळूच म्हणाला, "दत्तूभाऊच म्हनले व्हते. म्हनले, म्हेबूब, तू आत शिरलास तर चार घरं मुटी बंद करत्याल. लोकं कशी असत्यात तुला म्हाईत हाय. तू दार उगड, दार लाव. आत मी बघतो. मला बी पटलं. उगा कुनाच्या पोटावर पाय कशापायी?"

जमादारांना ही थाप वाटली. त्यांनी त्याच्या कमरेची चावी काढून घेतली आणि मुक्ताबाईला बोलावलं. ती टोपली काखेत घेऊनच आली.

"खरं हाय त्ये," ती म्हणाली. "म्हेबूब पायरीवर बसून ऱ्हातो. मी बी आत जात न्हाई म्हना. टोपली दारात ठेवते, दत्तूभाऊ आत नेत्यात. म्हनत्यात, मावशी, तुमचं वय झालं, वाकू नका."

"मग आत काय होतं ते कुणी पाहिलं?"

"दत्तूभाऊंनी की," मुक्ताबाई म्हणाली, जणू ह्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

बाजारातल्या चहाच्या दुकानापुढं हौशीराम मुकादम बाकड्यावर ऐसपैस बसला होता. खाली कोकणातल्या रानात लाकडी कोळशाच्या भट्ट्या लावणाऱ्या ठेकेदाराचा तो माणूस. श्रावण लागल्यापासून तो लोणावळ्यात गडी गोळा करत होता आणि अजून एकही गडी त्याच्या गळाला लागला नव्हता. एकदा उचल घेऊन अंगठा उठवला की हंगाम संपेपर्यंत रानातून सुटका नाही. गेणूचा थोरला भाऊ आदल्या साली गेला होता. हिवताप घेऊन आला आणि पंधरवड्यात गेला.

"काय जमादार," हौशीराम हसत म्हणाला, "कणगी बसली म्हणे? वाईट झालं. पण मी कुणाला घाई करत नाही हो. घाई पोट करतं. उद्या उजाडताना माझ्या गाड्या घाट उतरणार. तीन गाड्या शुक्रवारीच ठरवून ठेवल्यात. ज्याला यायचं त्यानं संध्याकाळी अंगठा उठवावा."

जमादारांना त्याच्या तोंडात एक ठेवून द्यावीशी वाटली. पण ते तसेच पुढं निघाले. संध्याकाळच्या आत चोर आणि तांदूळ सापडला नाही, तर हीच माणसं त्या गाड्यांत बसणार होती, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी कामशेतची गाडी पकडली.

३

कामशेतला इब्राहिमशेठची भाताची गिरणी आणि शेजारीच दुकान. चोरीचा तांदूळ खपवायचा तर मावळात ह्याच बाजारात. जमादारांनी खिशातून चिमूटभर मुठीचा तांदूळ काढून गल्ल्यावर ठेवला.

इब्राहिमशेठ खो खो हसला. "जमादारसाहेब, हा कोण घेणार? ह्यात सात जातींचा तांदूळ आहे. विकायला आणणाऱ्याला कुणीही व्यापारी आधी विचारील, बाबा, भीक मागून आणलास का? असला माल माझ्याकडं आला नाही, आणि बाजारात आला असता तर तासाभरात साऱ्यांना कळलं असतं."

"म्हणजे विकायला चोरलेला नाही."

"आणि खायला म्हणाल, तर एवढा तांदूळ खाणार किती जण? आणि खाताना दिसणार नाहीत?"

जमादार विचारात पडले. चोर पकडण्यात आयुष्य गेलं त्यांचं. चोर घेतो ते विकायला नाही तर वापरायला. हा कसला चोर, ज्यानं विकता न येणारा तांदूळ नेला आणि कणगी तुसानं भरून ठेवली?

"तुमच्याकडून तूस कोण नेतं?" त्यांनी सहज विचारलं.

"पुष्कळ लोक. विटावाले नेतात. अहो, तुमचा दत्तोबा नाही का नेत? श्रावणापासून पोती नेतोय. म्हणाला, कणगीच्या बुडाशी ओल येते, खाली तूस पसरावं लागतं. भला माणूस. स्वतः पोतं उचलून गाडीत चढतो."

"हो, भला माणूस आहे," जमादार म्हणाले. लोणावळ्याच्या पावसात कणगीखाली तूस घालावं लागतं, ह्यात काय नवल? पण परतीच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर त्यांना बरं वाटत नव्हतं. एक शंका येत होती, आणि तिच्याकडं त्यांना बघायचंच नव्हतं.

स्टेशनावर गेणू भेटला. त्याचा चेहरा सकाळपेक्षा उतरलेला होता.

"गेणू, कणगीतलं ओलं झालेलं तूस कुठं टाकायचे रे?"

"दत्तूभाऊ टाकायचे. ढकलगाडीवर घालून त्या बंद पडल्याल्या कोळसाघरामागं राखंचा खड्डा हाय, तितं. मी म्हनायचो, भाऊ, मी ढकलतो. तर म्हनायचे, कुजक्या तुसासाठी तुला कशापायी राबवू."

"जड असायचं?"

गेणूनं डोकं खाजवलं. "आत नेताना एका हातानं उचलायचे. भायेर काडताना पाठीवर घ्यायचे. मी इचारलं बी. म्हनले, भिजलं की जड हुतं."

भिजलं की जड होतं, हे खरंच आहे. जमादार स्वतःला हेच पुन्हा पुन्हा सांगत कोळसाघराकडं निघाले.

४

गेल्या सालापर्यंत जिथं दिवसरात्र कोळशाची धूळ उडायची, तिथं आता टाकळा आणि घाणेरी माजली होती. राखेचा खड्डा पावसाच्या पाण्यानं अर्धा भरला होता. जमादारांनी काठी घालून खड्डा ढवळला. तूस पाण्यावर तरंगतं. श्रावणापासून इथं पोत्यावारी तूस टाकलं असतं, तर काठाकाठानं त्याची साय धरली असती.

खड्ड्यात राख होती. तुसाचं एक कुसळ नव्हतं.

ते कोळसाघराच्या पडक्या दारातून आत गेले. आत अंधार, आणि त्या अंधारातून एक वास आला. उग्र, कडवट. निरगुडीचा. हा वास त्यांना आज दुसऱ्यांदा येत होता. सकाळी दत्तोबा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, तेव्हा त्याच्या सदऱ्याला हाच वास होता, आणि जमादारांनी विचारल्यावर तो म्हणाला होता, "गुडघं धरल्यात रं. निरगुडीचा शेक घेतो."

कोपऱ्यात जुने लाकडी स्लीपर आडवे टाकले होते, जमिनीची ओल लागू नये म्हणून. त्यावर पोती रचलेली. प्रत्येक पोत्याच्या तोंडाशी आणि मधल्या फटींत निरगुडीचा पाला, कीड लागू नये म्हणून. वर ताडपत्री. जमादारांनी एका पोत्याचं तोंड सोडलं आणि मूठ भरून दारात उजेडाला आणली. आंबेमोहर, कोळंब, जाडा तांबडा.

एक दाणा सांडला नव्हता. ज्यानं हा तांदूळ पळवला, त्याला तो विकायचा नव्हता, खायचाही नव्हता. त्याला फक्त कणगी रिकामी हवी होती. मग शहाण्या चोरानं काय केलं असतं? दोन पावलांवर पाण्यानं भरलेला खड्डा होता, त्यात ओतून मोकळा झाला असता, आणि साऱ्या लोणावळ्यात त्याला कुणी पकडू शकलं नसतं. पण भाताच्या मुलखात जन्मलेल्या माणसाच्या हातून अन्न पाण्यात टाकवत नाही. पायाखाली दाणा आला तरी तो उचलून कपाळाला लावतो. ह्या चोराला चाळीस घरांची चूल विझवताना काही वाटलं नाही, पण दाणे किडू नयेत म्हणून तो ओढ्यावर जाऊन पाला तोडून आणत होता!

मुक्ताबाईही पवनेकाठचीच, गेणू आंदर मावळातला, म्हणजे सगळेच भाताच्या मुलखातले. पाला कुणालाही तोडता येतो, असं जमादार स्वतःला सांगत राहिले. मनातून ते चक्क देवाला हात जोडत होते. तसेच दत्तोबाच्या घरी गेले. दत्तोबा नव्हता. त्याची बायको लीलाबाई अंगणात लाकडं फोडत होती.

"वहिनी," जमादार म्हणाले, "दत्तूच्या गुडघ्यांना शेक देता ना, निरगुडीचा? पाणी किती वेळ उकळायचं? माझेही धरलेत."

ती "आदण येईस्तोवर" म्हणाली असती, तर ते तिथंच तिच्या पाया पडले असते.

लीलाबाई हसली. "कुनाचं गुडघं? आवं, त्येंचं गुडघं माज्यापरीस धड हाइत. माज्या चुलीवर निरगुडीचा पाला कवा चढला न्हाई बगा. कुनी सांगितलं तुमास्नी?"

५

दिवेलागणीला अजून वेळ होता. ओट्यावर सगळे गडी जमले होते. एका बाजूला हौशीराम शाईचा डबा मांडून बसला होता. दत्तोबा उभा राहून बोलत होता, आणि त्याचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "माजं मन हुत न्हाई रं. पन पोरं उपाशी ठिवून कसं भागंल? एक हंगाम काडू. मी सोता तुमच्यासंगं येतो. तुमास्नी एकलं सोडनार न्हाई."

"आधी माझं ऐका," जमादार मागून म्हणाले.

लोक वळले. जमादार पुढं आले, पण दत्तोबाकडं त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं.

"तांदूळ सापडलाय. सगळा. कोळसाघरात."

एकच गलका झाला. जमादारांनी हात वर केला.

"तो रात्रीत कुणी नेला नाही. श्रावणापासून दिवसाढवळ्या, तुमच्या डोळ्यांदेखत गेला. तूस म्हणून. खोलीत तुसाची पोती गेली ती एका हातानं उचलून. बाहेर आली ती पाठीवर घेऊन. भिजलं म्हणून जड, असं सांगितलं गेलं. पण ज्या खड्ड्यात ते भिजलेलं तूस टाकलं म्हणतात, त्यात तुसाचा कणही नाही. ते कणगीत आहे. जेवढा तांदूळ काढला तेवढं तूस आत, आणि वरून तरट टाकून दोन बोटं तांदूळ."

"पन आत जात व्हतं कोन?" गेणूनं विचारलं आणि विचारतानाच त्याचा आवाज खाली गेला.

"मुक्ताबाईला वाकू दिलं नाही. मेहबूबला उंबरा ओलांडू दिला नाही. चावी एकाच्या कमरेला आणि कणगी दुसऱ्याच्या हाती, म्हणजे उद्या बोंब झाली की कुणाकडं बोट जाईल, सांगा! आणि हा हौशीराम. ह्यानं तीन गाड्या शुक्रवारी ठरवल्या. श्रावणापासून ह्याला एक गडी मिळाला नव्हता. कणगी रिकामी आहे हे रविवारी कळलं. मग शुक्रवारीच ह्याला कुणी सांगितलं की रविवारी तुमची पोटं रिकामी होणार आहेत?"

हौशीरामनं शाईचा डबा झाकला.

"दत्तू," जमादार म्हणाले, आणि आता त्यांनी पाहिलं, "तुझ्या बायकोनं आयुष्यात तुझ्या गुडघ्यांना शेक दिलेला नाही."

दत्तोबानं नाही म्हणावं, ओरडावं, जमादाराच्या अंगावर धावून यावं, असं तिथल्या प्रत्येक माणसाला वाटत होतं. कुंपणानंच शेत खाल्लं, हे मानायला कुणी तयार नव्हतं. तो हळूहळू पायरीवर बसला.

"मुकादमी देनार व्हता," तो म्हणाला. "चाळीस गडी आन, तुला मुकादम करतो म्हनला. पन बसल्या जागी तांदूळ मिळतोय तवर रानात कोन येतंय?"

"म्हणून तू त्यांचा तांदूळ..."

"मी डायवर व्हतो, भिमा!" दत्तोबा एकदम ओरडला. "माज्या हातात इंजान व्हतं. आता रोज सकाळी ह्येंची हजेरी घेतो, कोन कुटं काम शोधाया गेला त्ये ऐकतो. माजी हजेरी कुनी घेतली? दत्तूभाऊ, तुमाला काम गावलं का, असं इचारलं एकानं तरी? मला काम पायजे व्हतं. तांदूळ नगं व्हता, काम पायजे व्हतं."

"माजा भाव मेला त्या रानात," गेणू म्हणाला. तो रागानं बोलत नव्हता. रडत होता. "तुमीच खांदा दिला व्हता, दत्तूभाऊ."

"आणि मेहबूब?" जमादारांनी विचारलं.

"त्येचं नाव मी घेतलं न्हाई."

"नाही घेतलंस. नुसतं त्याच्या कमरेकडं बघितलंस. बाकीचं आम्ही केलं."

हौशीराम केव्हाच सटकला होता.

६

त्याच संध्याकाळी गड्यांनी पोती परत आणली. माप ठरल्याप्रमाणं सुरू झालं. दत्तोबाच्या घराचा वाटा आला तेव्हा गेणू म्हणाला, त्याच्या घरात एक दाणा जाता कामा नये. मुक्ताबाईनं त्याला गप्प केलं. "लीलीनं काय पाप केलं? घरात काम न्हाई त्या घराला वाटा, त्येनंच घातल्याला नेम हाय. मी नेऊन देते." आणि तिनं नेऊन दिला. कुणी अडवलं नाही, पण कुणी तिच्याबरोबर गेलंही नाही.

मेहबूब सभेला आला नव्हता. त्याचा वाटा आणि खोलीची चावी घेऊन जमादार स्वतः निघाले. वाटेत त्यांनी काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, चूक झाली, आता सगळ्या ओट्याचं म्हणणं आहे की कणगी तूच सांभाळ, आत जाऊन सांभाळ. ही बातमी ऐकून त्याच्या तोंडावर काय उमटेल, हेही त्यांनी मनात रंगवलं होतं.

मेहबूब वळकटी बांधत होता. नसीम तिच्या चुलीपाशी पाठमोरी बसली होती. जमादारांनी सगळं सांगितलं. दत्तोबाचं नाव आलं तेव्हा मेहबूबचे हात थांबले.

"दत्तूभाऊ?" तो म्हणाला. "घाटात त्यो सांगायचा, टाक कोळसा, की मी टाकायचो. म्हनायचा थांब, की थांबायचो. कवा इचारलं न्हाई कशापायी म्हनून. वाफ फुटली तर दोगंबी मरनार, मग त्यो खोटं कशाला बोलंल?"

त्यानं दोरी आवळली.

"वळकटी कशाला बांधतोस?" जमादारांनी विचारलं.

"दुपारी अंगठा उटवला. तुमी कामशेतला गेलता तवा. उचल नसीमला दिली."

"अरे, पण तांदूळ सापडला! सगळं खोटं ठरलं! उचल परत कर, मी हौशीरामाला बघतो. आजवर सगळ्यांत आधी तूच त्याला नाही म्हणाला होतास. ह्या गाडीत बसू नकोस, मेहबूब. ते रान माणूस खातं."

"म्हाईत हाय."

"मग?"

मेहबूबनं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि जमादारांना तेच सोसवेना.

"जमादारभाऊ, मुकादम वंगाळ मानूस हाय. पन त्येनं माज्या बायकूच्या पिटात हात घातला न्हाई."

जमादारांनी तांदळाची पिशवी आणि चावी भिंतीशी ठेवली. नसीमनं पिशवी उचलून बाहेर पायरीवर ठेवली आणि पुन्हा चुलीपाशी जाऊन बसली. चावीला कुणी हातच लावला नाही.

सकाळी तीन गाड्या आल्या होत्या, त्यातल्या दोन रिकाम्या परत गेल्या. तिसरीत वळकटीवर एकटा मेहबूब बसला होता. ओट्यावर हजेरीसाठी जमलेली माणसं ती गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत उभी राहिली, आणि थांब म्हणायला एकाचीही जीभ उचलली नाही.